गळ्यात कॅमेरा, भोवती शंभर डोळे

"काय हो, केवढ्याला पडला हा?"

गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून कुणी लोकलच्या डब्यात शिरले, की दोन स्टेशने जायच्या आत हा प्रश्न येतोच. विचारणारा पूर्णपणे अनोळखी असतो. शेजारच्या प्रवाशाच्या घड्याळाची किंवा गळ्यातल्या साखळीची किंमत विचारणे याच माणसाला असभ्यपणाचे वाटेल. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र ही भीड कुठे जाते कोण जाणे! खरी किंमत सांगावी तर डबाभर भुवया उंचावतात. कमी करून सांगावी तर 'मग आमच्या मुलालाही मिळवून द्या ना एक' अशी गळ पडते. मुरलेल्या छायाचित्रकारांनी यावर एक उत्तर शोधून ठेवलेले असते, "माझा कुठला हो, ऑफिसचा आहे!"

किंमत ही तर नुसती सुरुवात. त्यानंतर 'कोणत्या पेपरचे?', 'कोणत्या चॅनेलचे?', 'शूटिंग कुठे आहे? हिरो कोण?' असे प्रश्न रांगेने येतात. एखादे पोर समोर येऊन दोन बोटे वर करून उभे राहते. एखादी आजी पदर सावरून 'माझा कशाला, मेलीचा' म्हणते आणि जागची मात्र हलत नाही. आणि अशाच गर्दीतून एखादा आवाज चढतो, "ए, कशाला काढतोस फोटो? कुणाला विचारलंस?"

गंमत अशी, की आज कॅमेरा कुणाकडे नाही? भाजीवालीपासून कॉलेजकुमारापर्यंत प्रत्येकाच्या खिशात एक कॅमेरा आहेच. लग्नात, देवळात, अपघाताच्या जागी शेकडो हात मोबाइल उंचावून उभे असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. खरे तर मोबाइलने काढलेला फोटो क्षणात जगभर जाऊ शकतो. मोठ्या कॅमेऱ्यातला बिचारा घरी जाऊन संगणकावर उतरवेपर्यंत आतच पडून असतो. धोका असलाच तर मोबाइलचा जास्त. तरीही लोक बिचकतात ते मोठ्या कॅमेऱ्याला. मोबाइल हातात असलेला माणूस त्यांच्या लेखी आपल्यातलाच एक. हातभर लांब लेन्सवाला मात्र 'कुणीतरी' असतो. हा 'कुणीतरी' नेमका कोण, हे ठरवायला लोकांकडे दुसरे काही नसते. म्हणून ते कॅमेऱ्याकडे पाहून ठरवतात. आणि एकदा ठरवले, की त्याप्रमाणे वागतात.

आपल्याकडे या औत्सुक्याला आणखी एक जुने कारण आहे. एके काळी कॅमेरा ही मध्यमवर्गीय घरात कपाटात कुलपाखाली ठेवायची चीज होती. घरात असलाच तर आग्फाचा 'क्लिक थ्री' असे. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही सहलीला, वाढदिवसाला आणि शेवटचे दोन आजोबांचे, असा हिशेब. ऐंशीच्या दशकात 'हॉटशॉट'ने थोडी मजा आणली. पण यशिका, निकॉन, कॅनन ही नावे ऐकू येत ती कुणाचा तरी मामा परदेशातून आला की. त्यामुळे भारी कॅमेरा म्हणजे मोठा माणूस, परदेशी पाहुणा किंवा पेपरवाला, हे समीकरण मनात पक्के बसले. ते अजून पुरते पुसलेले नाही. आजही एखाद्या हौशी तरुणाने जुना यशिका दुरुस्त करून बाहेर काढला, तर साठी उलटलेले गृहस्थ थांबून 'आमच्या वडिलांकडे होता असाच' म्हणत हात पुढे करतात. आणि लहान मुले कॅमेरा उलटा करून विचारतात, "याला स्क्रीन कुठाय?"

साडीतल्या बाईंचा कॅमेरा

लोक कॅमेऱ्याकडे पाहून माणसाविषयी काय ठरवतात, याचा आपल्या देशातला सर्वांत बोलका दाखला होमाई व्यारावाला यांचा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जन्म १९१३ सालचा, गुजरातेतल्या नवसारीचा. वाढल्या आणि शिकल्या मात्र मुंबईत. जे. जे. कला महाविद्यालयाच्या त्या विद्यार्थिनी. छायाचित्रणाचे धडे त्यांनी घेतले माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीच्या काळात होमाईंनी काढलेली छायाचित्रे माणेकशांच्या नावाने छापून येत. फोटो एका बाईने काढला आहे, यावर कोण विश्वास ठेवणार?

१९४२ साली हे दांपत्य दिल्लीला गेले. ब्रिटिश माहिती खात्यासाठी काम सुरू झाले. साडी नेसलेली, पाठीला आणि खांद्याला कॅमेऱ्याची ओझी अडकवलेली ही पारशी बाई सायकलवरून दिल्लीभर हिंडू लागली. वृत्तपत्रांचा तेव्हाचा लाडका कॅमेरा म्हणजे 'स्पीड ग्राफिक'. आजच्या कॅमेऱ्यापुढे ते एक धूडच. पुढे भाता, वर दृश्य पाहायची चौकट, बाजूला फ्लॅशची चकचकीत थाळी आणि प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा बसवायचा. असे यंत्र पुरुषाच्या हातात दिसले की लोक बाजूला सरून वाट देत. तेच बाईच्या हातात दिसले की कौतुकाने, नाहीतर थट्टेने हसत.

होमाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की लोकांना आपण एक विचित्र दृश्य वाटत होतो. ही बाई कॅमेरा मिरवते आहे, उगाच खेळते आहे, असाच त्यांचा समज होता. दुसरी एखादी हिरमुसून घरी बसली असती. होमाईंनी मात्र त्याच गैरसमजाचा फायदा उठवला. गंभीरपणे घेत नाहीत म्हणजे अडवतही नाहीत! जिथे इतरांना मज्जाव होता, अशा नाजूक ठिकाणीही त्या सहज जाऊन पोचत. फाळणीच्या निर्णयावर हात वर करून मत देणारे काँग्रेसचे नेते, लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, भारत सोडून निघालेले माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा... आज पाठ्यपुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून दिसणारी त्या काळाची कितीतरी चित्रे या बाईंच्या कॅमेऱ्यातून उतरलेली आहेत.

छायाचित्रांखाली त्या 'डालडा १३' असे टोपणनाव घालत. वनस्पती तुपाशी त्याचा संबंध नाही. जन्म १९१३ चा, माणेकशांची भेट झाली तेव्हा वय तेरा आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक 'डीएलडी १३'. तेरा आकड्याला अशुभ मानणाऱ्यांनी विचारात पडावे असा हा योगायोग!

त्यांचे एक छायाचित्र तर या लेखाच्या विषयासाठीच काढले असावे असे वाटते. दिल्लीच्या पालम विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच पाटी आहे, 'छायाचित्र काढण्यास सक्त मनाई आहे'. पाटीही चित्रात, पंतप्रधानही चित्रात!

१९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचा. तेव्हा त्यांचे वय पुरते साठही नव्हते. पतीचे निधन झाले होते, हे एक कारण. दुसरे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांच्या पिढीचे छायाचित्रकार नीटनेटक्या पोशाखात येत, काही नियम पाळत, एकमेकांचा मान राखत. पुढे झटपट पैशामागे धावणाऱ्यांची गर्दी वाढली. त्या गर्दीतले एक व्हायचे त्यांच्या जिवावर आले. उत्तरायुष्य त्यांनी वडोदऱ्यात शांतपणे काढले. बागकाम करणारी ही वृद्धा कोण होती, याचा पुष्कळांना पत्ता नव्हता. २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या.

लपवण्याची कला

होमाईंना लोकांच्या गैरसमजाने झाकले. ज्यांच्या नशिबी असे कवच नव्हते, त्यांनी कॅमेराच झाकायची युक्ती काढली. फ्रान्सचे जगविख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 'लायका' वापरत. १९२५ मध्ये बाजारात आलेला हा छोटा जर्मन कॅमेरा सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, खिशात मावेल एवढा. पण त्याचे धातूचे चकचकीत भाग उन्हात चमकत आणि लोक सावध होत. कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यावर सरळ काळी चिकटपट्टी लावली. अंगावर साधे कपडे, हातात काळा ठोकळा. माणूस केव्हा आला, केव्हा फोटो काढून गेला, समोरच्याला कळत नसे. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी ते दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटून बाहेर पडले आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरचे शोकाकुल दिवस त्यांनी याच छोट्या कॅमेऱ्याने टिपले.

लायका आजही मिळतो. त्याची किंमत लाखांत जाते आणि पुढच्या बाजूला कंपनीचा लालचुटुक ठिपका असतो. जाणकाराला तो ठिपका वीस फुटांवरूनही ओळखू येतो. त्यामुळे रस्त्यावर काम करणारे लोक लाखो रुपये मोजून घेतलेल्या कॅमेऱ्यावरचा तो ठिपका काळ्या पट्टीने झाकतात. आता कंपनीनेच काही मॉडेल्सवरून ठिपका काढून टाकला आहे आणि असे 'बिनठिपक्याचे' मॉडेल साध्यापेक्षा महाग पडते! नाव मिरवण्यासाठी पैसे मोजणारे आपण रोज पाहतो. नाव लपवण्यासाठी जादा पैसे मोजणारा ग्राहक बहुधा याच धंद्यात सापडेल.

दुसरी युक्ती 'रोलीफ्लेक्स'ची. जर्मनीतच १९२९ मध्ये निघालेला, एकावर एक दोन भिंगे असलेला हा उभट डबा. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून मान खाली घालून वरच्या काचेत पाहावे लागते. एवढ्याशा फरकाने समोरच्या माणसाचे वागणे बदलते. डोळ्याला कॅमेरा लावला म्हणजे तोंड झाकले जाते, रोखलेले भिंग तेवढे दिसते. बंदूक रोखावी तसे. रोलीफ्लेक्सवाला मात्र समोर मान लववून उभा असतो, जणू नमस्कारच करतो आहे. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू दिसते, बोलणे चालू ठेवता येते.

अमेरिकेत शिकागोला व्हिव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुले सांभाळण्याची नोकरी करी. सुटीच्या वेळी गळ्यात रोलीफ्लेक्स घालून ती रस्तोरस्ती फिरे. मुलांना सांभाळणाऱ्या बाईकडे कोण कशाला लक्ष देईल? तिने आयुष्यभरात लाखाहून अधिक फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. भाडे थकल्यामुळे तिचे सामान २००७ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा कुठे ते जगापुढे येऊ लागले. दोन वर्षांनी ती वारली. आपले नाव जगभर होणार आहे, याची तिला कल्पनाही नव्हती.

गाऱ्हाणे ऐकणारे यंत्र

शहरात कॅमेरा दिसला की किंमत विचारतात. खेड्यात, वस्तीत चित्र वेगळे. तिथे कॅमेरेवाला दिसला की चारचौघे जमतात आणि सांगू लागतात. नळाला आठ दिवस पाणी नाही, पूल वाहून गेलाय, म्हातारीचे निराधारचे पैसे तीन महिने आले नाहीत. 'हे काढा, हे पण काढा' म्हणत कुणी हाताला धरून फुटक्या गटाराशी नेते. आलेला माणूस पक्ष्यांचे फोटो काढायला आलाय की जुन्या देवळाचे, हे कुणी विचारत नाही. एवढा मोठा कॅमेरा आहे म्हणजे तो सरकारपर्यंत पोचत असणारच, असा त्यांचा हिशेब. इथे हौशी छायाचित्रकाराची खरी पंचाईत होते. 'मी कुणी नाही हो' म्हटले तर समोरचे चेहरे पडतात. 'बघतो, छापून येईल' म्हणणे सोपे, पण ते खोटे. आणि असे खोटे बोलून गेलेल्यांची आठवण वस्ती बरेच दिवस ठेवते. पुढच्या कॅमेरेवाल्याला 'मागच्या वेळीही एकजण काढून नेलेत फोटो, काय झाले?' हे ऐकावे लागते ते यामुळेच.

हे विचारणाऱ्यांचे काही चुकत नाही. १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावणीत अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका मुलीचा फोटो घेतला. १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यांत त्याची गणना झाली. त्या मुलीला याचा पत्ताच नव्हता. सतरा वर्षांनी, २००२ मध्ये, तिचा शोध लागला. नाव शरबत गुला. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाही नव्हता. फोटो काढला त्या दिवसाचे तिला काय आठवत होते? आपल्याला राग आला होता, हे. कुणी परका आपला फोटो काढतो, हे तिच्या बाबतीत त्याआधी कधी घडलेच नव्हते. त्या डोळ्यांतल्या भावनेवर जगभर पाने भरून लिहिले गेले. त्यातला काही भाग सरळसरळ राग होता, हे तिलाच विचारल्यावर कळले.

'परवानगी आहे का?'

संशय ही प्रतिक्रिया काही आजची नाही. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये शंभर फोटोंची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, आणि स्टुडिओत बसून काढायचा फोटो रस्त्यावर कुणीही, कुणाचाही काढू लागला. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, बोस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्कावर गाजलेला लेख लिहिला. झटपट निघणाऱ्या फोटोंचा त्रास हे त्यामागचे एक कारण होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा ऑगस्ट २०१७ मध्ये दिला.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढण्यास सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. पण स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली येतो. लष्करी व तत्सम निषिद्ध जागांना १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याचे कुंपण आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर वेगळी परवानगी लागते. खासगी जागेत अर्थातच मालकाचे नियम.

प्रत्यक्षात मात्र कायद्याची पुस्तके दारावरच्या रखवालदाराकडे नसतात. त्याला वरून एवढेच सांगितलेले असते, 'मोठा कॅमेरा आत सोडायचा नाही.' म्हणून बागेच्या किंवा मॉलच्या दारात मजेशीर प्रसंग घडतो. कॅमेरेवाल्याला अडवून ठेवलेले असते आणि त्याच्या शेजारून मोबाइलवर चालता-चालता व्हिडिओ काढणारी माणसे बिनदिक्कत आत जात असतात. अशा वेळी हुज्जत घालून काही मिळत नाही. रखवालदाराला त्याची नोकरी सांभाळायची असते. शांतपणे वरिष्ठांना भेटले, काय काढायचे ते सांगितले, तर पुष्कळदा काम होते. गर्दीत कुणी 'माझा फोटो पुसा' म्हटले, तर त्याच्यासमोर पुसून दाखवणे हा सर्वांत स्वस्तातला उपाय. विशेषतः बायका आणि मुलांच्या बाबतीत तर आधी विचारावे हेच बरे. मुलांसाठी त्यांच्या आईवडिलांना.

आणि हो, गर्दीतले सगळेच डोळे कुतूहलाचे नसतात. कंपनीचे नाव ठसठशीत लिहिलेला पट्टा आणि तशीच पिशवी चोराला दुरून निमंत्रण देते. जाणते लोक साधी कापडी पिशवी वापरतात, कॅमेऱ्याचा क्रमांक घरी लिहून ठेवतात आणि बिल जपतात. महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जाताना विमानतळावर कस्टम्सकडे त्याची नोंद करून दाखला घेतलेला बरा. नाहीतर परतताना तिथला अधिकारीही तोच प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडला?" आणि त्याला 'ऑफिसचा आहे' म्हणून चालत नाही.

मोठा कॅमेरा पाहून लोक जिथे बिचकत नाहीत, अशी एक जागा मुंबईतच आहे. गेटवे ऑफ इंडियासमोर गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याच्या फोटोंची चवड घेतलेले छायाचित्रकार वर्षानुवर्षे उभे असतात. कधीकाळी त्यांच्याकडे झटपट फोटो देणारे पोलरॉइड होते. आता डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत मावणारा प्रिंटर आहे. मोबाइलने त्यांच्या पोटावर पाय आणला, गिऱ्हाईक पुष्कळ घटले. तरी बिहारहून, विदर्भातून, कर्नाटकातून मुंबई पाहायला आलेले कुटुंब त्यांच्यासमोर निःशंकपणे उभे राहते. धाकट्याला पुढे घेतात, नव्या सुनेला मधे घेतात, आजोबांची टोपी नीट करतात. इथे समोरचा कोण आणि फोटो कशासाठी, हे कुणाला विचारावे लागत नाही. दोन-चार मिनिटांत कागद बाहेर येतो. तो वाळवण्यासाठी हवेत हलवला जातो आणि पैसे देण्याआधी घरातले प्रत्येक माणूस तो हातात घेऊन पाहते. "माझे डोळे मिटलेत, दुसरा काढा," असे सुनबाई म्हणतात. छायाचित्रकार कपाळाला हात लावतो, कबुतरांना हुसकावतो आणि पुन्हा कॅमेरा उचलतो.